भागतंय की

आक्काची हकीकत मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. घरात जुन्या दिवसांचा विषय निघालाच तर मी तंबाखू आणायचं निमित्त करून उठून जायचो. बायको गेली तेव्हा मनात आलं, आता खोदून विचारणारं कुणी उरलं नाही. तेव्हा बरं वाटलं होतं. आज त्याचीही लाज वाटते.

गेल्या महिन्यात तळ्याच्या कट्ट्यावर आम्ही चारपाच म्हातारे बसलो होतो. गिरणीच्या गोष्टी निघाल्या. आमच्यातला एक पूर्वी सूतखात्यात होता. दात नसलेल्या तोंडानं हसत तो म्हणाला, "ती शुक्रवार पेठेतली खाणावळवाली आठवती का रं? मालकाकडनं लुगडं घेतलं आन् आमचा पगार कापाय लावला भवानीनं." बाकीचे हसले. मीही हसलो. शहात्तर वर्षांचा माणूस मी. आता कुठला मॅनेजर मला कामावरून काढणार आहे? तरी हसलो. घरी आलो आणि दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही.

म्हणून हे लिहितो आहे. ज्यांच्या बापांचा पगार त्या वर्षी कापला गेला त्यांना शिव्या द्यायचा हक्क आहे. फक्त त्या योग्य माणसाला मिळाव्यात.

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या पुढची, मंदीच्या वर्षांतली. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात आक्काची खाणावळ होती. पाटी नव्हती. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत वीस पाट मांडता येत, म्हणून ती वीसच माणसं ठेवायची. सगळे गिरणीतले, बायकापोरं गावाकडं ठेवून आलेले. एकविसावा आला की म्हणायची, "ह्यातला कुनी गावाकडं जाऊदे, न्हायतर मरूदे. मग ये."

जेवणाच्या वेळी ती उंबऱ्यात उभी असायची. उंच, हाडापेरानं मोठी, कपाळावर गोंदण, हात पिठानं माखलेले. आत शिरणाऱ्याला अडवायची.

"जीभ काढ."

माणूस जीभ काढायचा. ती बघायची. मग पिठाच्या अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढायची, नखं बघायची आणि निकाल द्यायची. "पांढरा पडलायस. आज तुला तांदुळजा दुप्पट." नाहीतर, "कोठा साफ न्हाय तुझा. भाकरी एकच, ताक दोन वाट्या."

एकदा एक नवा माणूस चिडला. म्हणाला, "मी जेवाय आलोय बाई, दवाखान्यात न्हाय आलो."

"दवाखान्यात जायला लागू नये म्हनून तर हितं यायचं. काढ जीभ, न्हायतर वाट धर."

त्यानं वाट धरली. आठ दिवसांनी परत आला आणि उंबऱ्यात पोचायच्या आधीच जीभ काढून उभा राहिला. आक्का म्हणाली, "आत घे ती. कुत्र्यागत दिसतोयस."

तिच्याकडं भातगिरणीत सडलेला पांढरा तांदूळ शिजायचा नाही. "कापूस खाल्ल्यागत हाय त्यो," म्हणायची. ज्वारीची भाकरी, तीही तिनं जात्यावर दळलेल्या पिठाची. हुलग्याचं माडगं, मोड आलेली मटकी, अंबाडी, चिगळ, पाथरी, करडईचा कोवळा पाला. कारळ्याची किंवा शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा, ताक. पालेभाजी संपल्याशिवाय दुसरी भाकरी पानात पडायची नाही. चाळिशीतले गडी लहान मुलांसारखी मान खाली घालून पाथरीची कडू भाजी गिळायचे.

भांड्यांना तिनं सासरच्या माणसांची नावं दिली होती. मोठं पातेलं म्हणजे सासू, "किती घाला, भरतच न्हाय." तवा म्हणजे दीर, "उगंच तापतोय." चटणीचा छोटा खलबत्ता म्हणजे नणंद, "एवडीशी हाय, पन झोंबती." नवा माणूस जेवत असताना आतून आवाज यायचा, "आरं दोघंजन या रं, सासूला खाली उतरवा, लई उकळाय लागलीया." तो घास तोंडात तसाच धरून सगळ्यांकडं बघत बसायचा.

चहाशी तिचं उभं वैर. चहाला ती तांबडं पाणी म्हणायची. गिरणीच्या दाराबाहेर तेव्हा चहा-भज्यांची दुकानं वाढली होती, आणि सकाळी चहा-पाव, दुपारी भजी, यावर दिवस काढणारे शेकडो होते. तिचा नवराही त्यातलाच. नातेपुत्याकडची मेंढरं सोडून तो गिरणीत आला आणि तीन वर्षांत खोकून खोकून गेला. कापसाच्या धुळीनं गेला असं सगळे म्हणायचे. आक्का म्हणायची, "धूळ समद्यांच्याच नाकात जाती. ज्येच्या अंगात काय न्हाय त्यो आदी मरतो." तिच्या खाणावळीतल्या माणसानं चहा प्यायलेला तिला चालायचा नाही. माणसं चहा पिऊन वर कांदा चावून यायची. ती वास घेऊन लगेच ओळखायची. "कांदा माझ्याकडं पोटभर मिळतो. भाइरनं खाऊन आलास म्हंजे कायतरी झाकाय खाल्लायस."

आम्ही हसायचो, पण वर्षवर्ष तिच्याकडं जेवणारा माणूस आजारी पडून घरी बसल्याचं मला आठवत नाही. गिरणीत गडी भरणाऱ्या जॉबरांनाही, म्हणजे मुकादमांनाही, ते ठाऊक होतं. नवा गडी लागला की विचारत, "जेवतोस कुटं? आक्काकडं? मग टिकशील."

माझं आणि तिचं नातं सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते नीट कळणार नाही.

मी बार्शीकडच्या एका खेड्यातला. घरातला पहिला मॅट्रिक. गिरणीच्या ऑफिसात कारकून लागलो तेव्हा विसाव्या वर्षात होतो. आधी नवी पेठेतल्या एका हॉटेलात पुरी-भाजी आणि चहावर राहिलो, कारण कारकुनानं गिरणीकामगारांच्या पंगतीला बसणं मला कमीपणाचं वाटत होतं. सहा महिन्यांत संध्याकाळी दिसेनासं झालं. दिवस कलला की पायऱ्या कळायच्या नाहीत, माणसं ओळखू यायची नाहीत. मी कुणाला सांगितलं नाही. कारकुनाचे डोळे गेले म्हणजे नोकरीच गेली. एका संध्याकाळी त्या बोळातून चाललो होतो, आक्काच्या दारातल्या घमेल्यात पाय पडला आणि आडवा झालो. तिनं हात धरून उठवलं. ओरडली नाही. माझ्या तोंडापुढं बोटं नाचवली आणि हळूच म्हणाली, "रातांधळं हाय तुला. कवापासनं?"

मी धोतराची धूळ झटकू लागलो.

"सायबाला ठाव हाय?"

"नाही."

"मग ठाव हुनार बी न्हाय. उद्यापासनं हितं जेवायचं. पडवीत जागा न्हाय, तू आत चुलीम्होरं बस."

तिनं मला रोज शेवग्याचा पाला खाऊ घातला. आठवड्यातून एकदा शेळीचं काळीज निखाऱ्यावर भाजून द्यायची, समोर बसून, शेवटचा तुकडा जाईपर्यंत. दीडदोन महिन्यांत माझे डोळे परत आले. वीस माणसांच्या पंगतीत तिनं त्याचा कधी चकार शब्द काढला नाही. कुणी विचारलं की कारकुनाला एवढा पाला कशापायी, तर म्हणायची, "शिकल्याल्या मानसाचं पोट शेळीवानी असतंय."

आता रागावून एक गोष्ट सांगतो. माझी सून परवा वर्तमानपत्रातला लेख मोठ्यानं वाचत होती. थोडक्या खर्चात सकस आहार. पालेभाज्या खा, कडधान्यांना मोड आणा, घरचं ताक प्या, हातसडीचा तांदूळ वापरा. गरिबाला परवडत नाही हा गैरसमज आहे म्हणे, खरं कारण अज्ञान. लिहिणाऱ्याला कोपरापासून हात जोडले पाहिजेत. शेपू आणि चाकवत निवडायला किती वेळ लागतो हे त्यानं कधी बसून बघितलं आहे का? मोड कोण आणणार? ताक कोण घुसळणार? अकरा तास साच्यावर उभा राहून आलेला माणूस, की पहाटेपासून विड्या वळणारी त्याची बायको? आक्काकडं स्वस्तात सकस मिळायचं हे खरं. शुक्रवार पेठेतल्या बाकीच्या खाणावळींपेक्षा तिचा दर कमीच होता. पण ते स्वस्त कशानं होतं हे मी दोन वर्षं डोळ्यांनी बघितलं होतं.

पहाटे भोंग्याच्या आधी ती तळ्याच्या आणि ओढ्याच्या कडेला जाऊन चिगळ आणि पाथरी खुडून आणायची. करडईच्या शेतात रोपं विरळायला जायची आणि मजुरीऐवजी उपटलेली रोपं ओच्यात भरून आणायची. गवळ्याच्या गोठ्यातलं शेण काढायची, त्याबद्दल तो तिला ताक द्यायचा, आणि त्याच शेणाच्या गोवऱ्यांवर वीस माणसांची भाकरी भाजायची. दळण स्वतः, पाणी स्वतः. जेवायची कधी, ते कुणी पाहिलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "चव बघता बघता पोट भरतंय की."

या 'की'चं सांगतो. आमच्या भागात कुणाला विचारलं, काय, कसं चाललंय? तर उत्तर ठरलेलं असतं. भागतंय की. घरात पीठ असो वा नसो. परक्यापुढं आपली चूल उघडी करायची नाही, म्हणून म्हणायचं भागतंय की. ज्याच्या घरी खरोखर पुरेसं असतं तो म्हणतो, देवाची कृपा आहे. भागतंय म्हणणाऱ्याचं भागत नसतं. हे सोलापुरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला तर कळत होतंच. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढं मला न कळल्याचं सोंग करायचं होतं.

मालकांना पगार कापायचे होते. गोदामात माल पडून होता आणि कापडाला उठाव नव्हता, हे त्यांचं म्हणणं. कामगारांचं म्हणणं, आहे त्यातच पोट भरत नाही. तेव्हा मालकांनी बाहेरगावाहून एक गोरा डॉक्टर आणला. कामगार काय खातात, किती पैशांत खातात, तेवढ्यानं तब्येत राहते का, हे बघून त्यानं अहवाल लिहायचा. त्याला मराठी येत नव्हतं. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुझी ती खाणावळवाली म्हणे फार नामी खाऊ घालते. डॉक्टरसाहेबांना तिथं घेऊन जा. तर्जुमा तू कर. साहेबांना वेळ थोडा आहे, लांबण लावू नकोस." मग टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाले, "दिवाळीला हेडक्लार्क जातोय."

एवढंच म्हणाले. खोटं सांग असं ते म्हणाले नाहीत. वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो की मॅनेजरनं करवून घेतलं. नाही करवून घेतलं. मी न सांगता केलं.

डॉक्टर दुपारच्या सुट्टीत आला. बोळ माणसांनी भरला. आक्कानं नवं लुगडं नेसलं होतं, पण उंबऱ्यातली जागा सोडली नव्हती. टोपी काढून साहेब आत शिरायला वाकला तशी ती आडवी झाली.

"कारकुना, ह्याला सांग जीभ काढाय."

पंगतीत हशा पिकला. मला घाम फुटला. पण साहेब दिलदार होता. मी चाचरत सांगितल्यावर त्यानं खरंच लांबलचक जीभ काढली. आक्कानं वाकून बघितली, पापणी मात्र ओढली नाही. "मांस लई खातंय, पाला कायबी न्हाय. कोठा दगडागत झालाय ह्येचा. बस म्हनावं, ताक देते." साहेबाला मी सांगितलं आणि तो इतका हसला की डोळे पुसायला लागला.

तो पाटावर बसला, पाय नीट दुमडेनात. भाकरी मोडून खाल्ली, माडगं प्यायला, करडईची भाजी परत मागून घेतली. काय काय घालते, किती वेळा देते, सगळं विचारून वहीत लिहिलं. माणसांचे दंड चाचपले. त्याला आनंद झालेला दिसत होता. मग त्यानं मला सांगितलं, "तिला विचार, गिरणीच्या मजुराला त्याच्या पगारात असं जेवण वर्षभर मिळू शकतं का?"

मी विचारलं.

आक्का हसली. परक्या माणसानं घरी येऊन विचारलेला प्रश्न. पदर सावरून म्हणाली, "भागतंय की."

मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं, बाई म्हणते, पुरेसं होतं. सफिशंट. तो शब्द मीच निवडला.

साहेबानं लिहिलं. आक्का त्याच्या पेन्सिलीकडं बघत होती. लिहून घेतो आहे म्हटल्यावर तिला वाटलं असावं की आता खरं सांगायला पाहिजे. ती पुढं सरली आणि बोलायला लागली, हात हलवत, मोठ्यानं.

"पन कसं भागतंय ते बी लिव म्हनावं. हे वीस गडी हितं खात्यात, त्येंची बायकापोरं गावाकडं काय खात्यात ते बगून ये म्हनावं. पोरं हितं आनली तर एका गड्याच्या पगारात चार तोंडं न्हाय भरायची, मी किती बी पाला शिजीवला तरी. आन् माझं? पाला म्या आनते, शेन म्या काढते, दळते म्या. त्येची मजुरी कोन धरतंय? धरा ती, मग सांगा भागतंय का. न्हाय भागत, सायबा. भागीवते म्या, म्हनून भागतंय. म्या मेले तर ह्ये समदे भज्यावर जात्यात."

पंगतीतला एकजण म्हणाला, "बरूबर बोलली आक्का."

साहेबानं मान वर केली. "काय म्हणते आहे?"

माझ्यापुढं सगळं स्वच्छ होतं. एकेक वाक्य मला इंग्रजीत मांडता आलं असतं. माझं इंग्रजी चांगलं होतं, अजून आहे. मी म्हणालो, "भाज्या कशा करायच्या ते सांगते आहे, साहेब."

"छान," साहेब म्हणाला आणि वहीत आणखी काहीतरी खरडलं. आक्कानं ते बघितलं आणि समाधानानं पंगतीकडं वळली. "लिवलं बगा त्येनं!"

पुढचे काही दिवस ती पेठेत भेटेल त्याला सांगत होती. "सायबानं समदं लिवून घेतलंय. आपला कारकून हुता की मदी, त्येनं नीट सांगितलं." भाकरी थापताना चेष्टा करायची, "आता गिरनी माझ्या शेन काडन्याचा बी पगार देतीया बगा." मी खाली मान घालून जेवत होतो. पाला खात होतो. एक घास अडला नाही.

दिवाळीच्या आधी गिरणीच्या दारावर नोटीस लागली. पगार कापल्याची. इंग्रजीवरून तिचं मराठी मी केलं होतं, अक्षरही माझंच. तिच्यात लिहिलं होतं की सकस व पुरेसं अन्न याहून कमी खर्चात सहज मिळू शकतं, असा तज्ज्ञ डॉक्टरांचा अभिप्राय असून शहरातल्या एका प्रसिद्ध खाणावळवाल्या बाईनंही त्यास दुजोरा दिला आहे. सहज हा शब्द इंग्रजीत नव्हता. तो मी घातला. का घातला, हे मला आजही सांगता येत नाही. वाक्य बरं वाटलं असेल.

ज्यांना वाचता येत होतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवली.

त्या दुपारी वीसच्या वीस माणसं जेवायला आली. जीभ कुणी काढली नाही, आक्काला बाजूला सारून सरळ पाटावर बसले. आक्का परात घेऊन आली तर सगळ्यांनी आपापली ताटं पालथी घातली. वीस जर्मनची ताटं एकापाठोपाठ जमिनीवर आपटली. आमच्याकडं ताट पालथं घालतात ते घरात मयत झाल्यावर; हे ज्याला माहीत आहे त्याच्या अंगावर काटा यावा.

आक्का परात धरून उभी. "काय झालं रं?"

सगळ्यांत थोरला एक विणकर होता, कधी मोठ्यानं न बोलणारा. तो म्हणाला, "भागतंय की आक्का आमचं. न खाता भागतंय."

दुसरा म्हणाला, "मालकानं काय दिलं तुला? लुगडं तर नवंच दिसतंय."

मग कुणीतरी नोटीस काय आहे ते सांगितलं. तिला समजायला वेळ लागला. समजलं तशी ओरडली, "म्या आसं न्हाय सांगितलं! तुमी हितंच हुता की समदे! तुमच्यादेकत बोलले म्या!"

"आमच्याम्होरं मराठीत बोललीस. सायबाला काय गेलं ते आमाला काय ठावं?"

"ह्यो हुता की मदी!" आणि तिनं माझ्याकडं बोट केलं. "कारकुना, सांग ह्यास्नी. म्या बोलले ते सायबाला सांगितलंस का न्हाय?"

वीस माणसं माझ्याकडं बघत होती. हेडक्लार्कच्या जागेची चिठ्ठी तीन दिवसांपूर्वी माझ्या हातात पडली होती. मी म्हणालो, "त्या जे बोलल्या तेच मी साहेबांना सांगितलं."

माणसं उठून गेली. ते वाक्य कसंही घेता येत होतं. माणसांनी ते तिच्याविरुद्ध घेतलं. आक्कानं ते आपल्या बाजूचं समजून घेतलं. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "बग, तू खरं सांगितलंस तरी ऐकंनात." तिनं माझ्यापुढं ताट मांडलं. त्या रिकाम्या पडवीत पालथ्या ताटांच्या रांगेसमोर बसून मी जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या.

नंतरचं थोडक्यात सांगतो, कारण लांबवलं तर मी पुन्हा काहीतरी सजवून लिहीन. खाणावळीत कुणी आलं नाही. पत्र्यावर दगड पडले. नळावर बायका तिची घागर बाजूला सारायच्या. गवळ्यानं शेण काढायला दुसरी बाई लावली, आमची गिऱ्हाइकं तुटतात म्हणाला. ती रोज भोंगा व्हायच्या वेळी गिरणीच्या दारात जाऊन उभी राहायची आणि बाहेर पडणाऱ्यांना तेच सांगायची, जे साहेबाला सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. बायकापोरं काय खातात ते बघा. माझी मजुरी धरा. माणसं तिला वळसा घालून जायची. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो. मला नवी खुर्ची मिळाली होती आणि ती खिडकीपाशी होती.

तिच्याकडं जेवणारे वीसजण भज्यांच्या दुकानांत पांगले. त्यातले दोघे पुढच्या दोन वर्षांत खोकून गेले. ती असती तर गेले नसते असं म्हणायचा मला हक्क नाही, पण तिनं उंबऱ्यात त्यांना अडवलं असतं एवढं नक्की. मला चीड येते ती याची, की ज्या एका बाईनं त्या माणसांच्या पोटाची काळजी केली तिलाच त्यांनी हाकललं. आणि मालकांना, डॉक्टरला, मला कुणी एक खडा मारला नाही. आम्ही रीतसर कागद केला होता. कागदाला कोण दगड मारणार?

ती भावाकडं नातेपुत्याला निघून गेली. मी दीड वर्ष थांबलो. मग एकदा गिरणीच्या कामाचं निमित्त काढून तिकडं गेलो. सर्व्हिस मोटारीत सगळा रस्ता मी बोलायचं वाक्य घोळवत होतो. एकच वाक्य केलं होतं, फाटे न फोडता: आक्का, साहेबाला तुमचं बोलणं कळलंच नाही, कारण मी ते त्याला सांगितलंच नाही; मला माफ करा.

बाजाराच्या पलीकडं, भावाच्या मेंढरांच्या वाडग्याशेजारी एका छपरात ती बसली होती. अंगावर मांस उरलं नव्हतं. मला बघून तोंडभर हसली. घोंगडं झटकून टाकलं, पाणी दिलं. गावाकडची विचारपूस झाली. मग माझ्याआधी तीच बोलली.

"लई दिस इचार केला बग म्या. ह्ये समदं त्या सायबाचं काम. तू नीट सांगितलंस, त्येनं उलटं लिवलं. आपल्या दोघास्नी फशिवलं त्येनं. तुला बी गड्यांनी बोल लावला आसंल की."

"थोडा," मी म्हणालो.

"मनाला लावून घिऊ नगंस. तुजा काय दोस हाय त्यात?"

मी वाक्याला सुरुवात केली. खरंच केली. म्हणालो, "आक्का, साहेबाला..."

"मरूदे त्यो सायब," ती म्हणाली.

मी व्हय म्हणालो.